हेवी लायसन्स: वाचकांच्या शंका

मागील अंकात या सदरातून ओव्हरलोड गाडीच्या दंडाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली निम्म्याहून अधिक पत्रे मात्र गाडीच्या नव्हे, तर गाडी चालवणाऱ्याच्या कागदांविषयी आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी शब्दांचा एक गुंता सोडवून ठेवतो. परिवहन खात्याच्या मराठीत लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ आणि परमिटला ‘परवाना’ म्हणतात. बोलताना आपण दोन्हींना सरसकट परवाना म्हणून मोकळे होतो. एका वाचकाने ‘परवाना संपला’ अशी सुरुवात करून तीन पाने लिहिली, आणि संपले ते चालकाचे लायसन्स की गाडीचे परमिट याचा उलगडा मला शेवटच्या ओळीत झाला. म्हणून येथे चालकाच्या कागदाला लायसन्स आणि गाडीच्या कागदाला परमिट असेच म्हटले आहे.

प्रश्न: माझे वय १९ वर्षे आहे. वडिलांची दहाचाकी आहे आणि दोन वर्षांपासून मी तिच्यावर क्लीनर म्हणून जातो. रात्री रस्ता मोकळा असला की वडील स्टिअरिंग माझ्या हातात देतात, त्यामुळे गाडी मला उत्तम येते. कारचे लायसन्स चार महिन्यांपूर्वी काढले. हेवी लायसन्स लगेच मिळेल का? मी सातवीपर्यंतच शिकलो आहे, त्याची अडचण येईल का? (करमाळा)

उत्तर: शिक्षणाची अडचण येणार नाही. ट्रक चालवण्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत पूर्वी होती. हरियाणातील मेवात भागात गाडी चालवण्याचे कसब पिढीजात, पण शाळेचा दाखला नाही, अशा तरुणांचा प्रश्न तेथील सरकारने केंद्रापुढे मांडला आणि २०१९ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. त्यामुळे एजंट शाळा सोडल्याच्या दाखल्याची ‘सोय’ करून देतो म्हणत असेल, तर तो आपल्याकडून विनाकारण पैसे काढत आहे असे समजावे.

अडचण आहे ती दोन तारखांची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार ट्रकसारखे वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात, आणि त्याआधी त्याचे शिकाऊ लायसन्सही मिळत नाही. दुसरी अट कलम ७ मधील आहे: हेवीचे शिकाऊ लायसन्स मागणाऱ्याकडे हलक्या मोटार वाहनाचे, म्हणजे एलएमव्हीचे, लायसन्स किमान एक वर्ष असले पाहिजे. हे वर्ष लायसन्सवरील तारखेपासून मोजतात. क्लीनर म्हणून काढलेली दोन वर्षे त्यात धरली जात नाहीत. आपले कारचे लायसन्स चार महिन्यांचे असल्यामुळे आणखी आठ महिने थांबणे भाग आहे, आणि तोवर विसावे वर्षही पूर्ण झालेले असावे.

तो दिवस आला की क्रम असा असतो. सारथी संकेतस्थळावर शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करावा आणि त्यासोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. हे प्रमाणपत्र डॉक्टरने तपासणी करून द्यायचे असते. भर उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का, लाल व हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात का, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. २०२० च्या दुरुस्तीनंतर सौम्य व मध्यम रंगांधळेपणा आड येत नाही. तीव्र असेल तर येतो. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ते मिळाल्यापासून ३० दिवसांनंतरच देता येते. त्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र लागते. कार शिकणारा घरच्या माणसाच्या हाताखाली शिकून चाचणी देऊ शकतो, हेवीला ती सवलत नाही. वडील कितीही जुने चालक असले तरी त्यांच्या शिकवणीचा दाखला चालत नाही.

हे प्रमाणपत्र काही ठिकाणी गाडीला हात न लावता विकत मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण ते घेऊ नये असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नीतीपेक्षा घाटात अधिक आहे. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर दहाचाकी सरळ नेणे वेगळे आणि २८.५ टन एकूण वजनाची तीच गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलणे वेगळे. हॅन्डब्रेक सोडण्याच्या आणि क्लच अर्धा वर येऊन इंजिनाने वजन पेलण्याच्या क्षणांत किंचित अंतर पडले की गाडी मागे सरकते. मागे दुचाकीवर कोणी उभा असेल, तर तो आपल्याला आरशात दिसतही नाही. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी ‘न्यूट्रल मारण्याची’ सवय तर बहुतेक मुले कोणत्या तरी उस्तादाकडूनच उचलतात. गिअर काढला की इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि पायाखालचे पेडल दाबलेले असूनही गाडी थांबत नाही. सकाळी इंजिन सुरू केल्यावर हवेच्या दाबाचा काटा पुरेसा चढेपर्यंत गाडी हलवायची नाही, ही साधी गोष्टसुद्धा नीट शिकवणारा माणूस शेजारी असावा लागतो.

जवळपास मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्र असेल तर त्याचाही विचार करावा. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तेथील जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो उत्तीर्ण झालेल्याला आरटीओतील चालवण्याची चाचणी माफ होते.

आता रात्रीच्या स्टिअरिंगविषयी. वडिलांनी ते आजपासून बंद करावे. विनालायसन्स चालवणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी त्याच्या हातात देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तेवढीच शिक्षा आहे. आपल्या घरात हे दोघे बाप-लेक आहेत, म्हणजे एकाच रात्री एकाच घरावर दोन खटले.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आणि भाजीपाला आहे. यजमानांचे पाठीचे ऑपरेशन झाल्यामुळे माल बाजार समितीत नेण्याचे काम मी करते. गाडी पिवळ्या नंबर प्लेटची पिकअप आहे आणि माझ्याकडे सहा वर्षांपासून कारचे लायसन्स आहे. नाक्यावर एका शिपायाने ‘ताई, हे ट्रान्सपोर्टचे लायसन्स नाही’ म्हणून अडवले. मला वेगळे लायसन्स काढावे लागेल का? (निफाड)

उत्तर: नाही, ताई. आपले लायसन्स या गाडीला चालते, आणि हे आता सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलेले आहे.

या वादाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. पूर्वी लायसन्सवर मध्यम मालवाहू, जड मालवाहू, मध्यम प्रवासी, जड प्रवासी असे वेगवेगळे वर्ग होते. १९९४ च्या दुरुस्तीने ते चारही काढून ‘परिवहन वाहन’ असा एकच वर्ग ठेवला गेला. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत मात्र ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन आधीपासूनच होते आणि ते तसेच राहिले. परिणामी लहान टेम्पोला एलएमव्ही पुरते की परिवहनाची वेगळी नोंद हवी, यावर दोन्ही बाजूंनी निकाल येत गेले, आणि विमा कंपन्यांना भरपाई नाकारण्यासाठी एक तयार मुद्दा मिळाला. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एलएमव्ही पुरते असे म्हटले. विमा कंपन्यांनी तो निकाल पुन्हा तपासावा असा आग्रह धरल्यामुळे प्रश्न घटनापीठाकडे गेला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभा देवी प्रकरणात घटनापीठाने तोच निष्कर्ष कायम केला. ७,५०० किलोच्या आत एकूण वजन असलेले मालवाहू वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. परिवहन वाहनासाठीच्या जादा अटी त्यावरच्या वजनाच्या वाहनांना लागू होतात.

त्यामुळे आपण पाहायचे ते एकच, आरसी बुकातील ‘ग्रॉस व्हेइकल वेट’ हा आकडा. रिकाम्या गाडीचे वजन शेजारीच छापलेले असते आणि घाईत तेच वाचले जाते. ट्रकबाबत हिशोब पूर्ण भरलेल्या गाडीच्या नोंदणीकृत वजनाचा आहे. छोटा हत्ती, पिकअप, ४०७ ही सगळी मंडळी या रेषेच्या बरीच खाली येतात. त्यांच्याहून मोठ्या काही आयशर-टाटा गाड्यांवर ७,४९० असा आकडा छापलेला दिसेल. तो योगायोग नाही; कारखानदाराने रेषेपासून मोजून दहा किलो आत गाडी उभी केली आहे. उद्या आपण मोठी गाडी घेतलीत आणि आकडा ७,५०० च्या वर गेला, तर मात्र पहिल्या उत्तरातील सगळा क्रम आपल्यालाही लागू होईल. स्त्री-पुरुष असा भेद कायद्यात कोठेही नाही, हे नाक्यावरच्यांना अधूनमधून सांगावे लागते.

परमिटविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिटही लागत नाही. पिकअपचे काही नमुने या रेषेच्या अलीकडे आहेत, काही पलीकडे. आरसी बुक उघडलेच आहे तर तेही पाहून घ्यावे.

प्रश्न: आठ गळीत हंगाम ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस ओढला. आता ट्रक चालवायचा आहे. हा अनुभव एका वर्षाच्या अटीत धरतील का? (वाळवा)

उत्तर: अनुभव धरत नाहीत, नोंद धरतात. लायसन्सवर एलएमव्हीची नोंद असेल आणि तिला वर्ष होऊन गेले असेल तर आपण लगेच हेवीच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करावा. नुसती ट्रॅक्टरची नोंद असेल तर खिडकीवर वाद घालण्यापेक्षा आधी एलएमव्ही वाढवून घेणे शहाणपणाचे. ट्रॉली जोडल्यामुळे ट्रॅक्टरचे लायसन्स निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात म्हटलेले आहे. पण त्या निकालाच्या बळावर ट्रकच्या स्टिअरिंगवर बसता येणार नाही.

प्रश्न: माझ्या दोन सहाचाकी आहेत. त्यांपैकी एक खंबाटकी घाटात उलटली आणि तिच्याखाली एका दुचाकीस्वाराचा पाय गेला. चालक १४ वर्षे हेवी गाडी चालवतो. त्याच्या लायसन्सवर २०३४ पर्यंतची तारीख स्पष्ट दिसते, तरीही विमा कंपनी म्हणते की लायसन्स दोन महिन्यांपूर्वी संपले होते. गाडीची भरपाई नाकारली आहे. ही फसवणूक नाही का? (सातारा)

उत्तर: आपण पाठवलेली लायसन्सची प्रत भिंग घेऊन पाहिली. कंपनीचे तारखेबाबतचे म्हणणे दुर्दैवाने बरोबर आहे.

कार्डावर दोन तारखा असतात. एकीपुढे ‘एनटी’ म्हणजे परिवहनेतर आणि दुसरीपुढे ‘टीआर’ म्हणजे परिवहन असे बारीक अक्षरांत छापलेले असते. २०३४ ही एनटीची तारीख आहे. ती चालकाच्या स्कूटरला आणि कारला उपयोगी. ट्रकसाठी टीआरची तारीख पाहायची, आणि ती आपल्या अपघाताच्या दोन महिने आधीची आहे. परिवहन लायसन्सची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तीन वर्षे होती, आता पाच आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट काढून घेतली, जी जुन्या चालकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही: मुदत संपल्यानंतरही ३० दिवस लायसन्स चालू समजले जाई, ती सवलत आता नाही. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत चाचणीशिवाय नूतनीकरण होते, हे खरे. पण ही सोय अर्जापुरती आहे. मधल्या दिवसांत गाडी चालवण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही. वर्ष उलटून गेले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

आता पैशांचे. यात दोन वेगळे दावे आहेत आणि ते एकत्र करू नयेत. जखमी दुचाकीस्वाराचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालेल. त्याला वाऱ्यावर सोडले जाऊ नये म्हणून न्यायालये अशा प्रकरणांत साधारणपणे विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी असा आदेश देतात. मात्र वसुली आपोआप होत नाही. २००४ च्या स्वर्ण सिंग प्रकरणातील निकालानुसार चालकाचे लायसन्स वैध नव्हते एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही तिलाच सिद्ध करावे लागते. म्हणून चालकाला कामावर ठेवताना आपण लायसन्स पाहिले होते का, त्याची प्रत ठेवली का, नंतर कधी तपासले का, याचा जो काही पुरावा असेल तो आजच वकिलाकडे द्यावा. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा त्या मानाने कमकुवत आहे. पॉलिसीत चालकाविषयीची अट असते आणि तेथे त्रयस्थ जखमीविषयीची सहानुभूती आपल्या मदतीला येत नाही. तरी ‘दावा नाकारला’ एवढ्या एका ओळीच्या पत्रावर थांबू नये. लेखी कारण मागावे, आणि विमा लोकपालाकडे जाण्याची मुदत त्या पत्रापासून एक वर्षाची आहे हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या गाडीच्या चालकाचे लायसन्स आपण पाठवलेले नाही. त्यावरील टीआरची तारीख ही ओळ वाचून होताच पाहावी.

प्रश्न: पेट्रोलचा टँकर चालवण्याचे काम मिळत आहे. हेवी लायसन्स नऊ वर्षांपासून आहे. मालक म्हणतो, ‘हॅझार्डस’ची नोंद आण आणि इंग्रजी वाचून दाखव. ट्रकला शिक्षणाची अट नाही म्हणतात, मग मला इंग्रजी कशाला? (मनमाड)

उत्तर: शिक्षणाची अट गेली ती सर्वसाधारण ट्रकची. धोकादायक माल नेणाऱ्या चालकासाठी केंद्रीय नियमांतील नियम ९ वेगळा आहे. त्यानुसार परिवहन लायसन्सशिवाय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील किमान एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते. संरक्षक वाहनचालन, प्रगत चालनकौशल्य आणि मालाची सुरक्षितता यांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन त्याची नोंद लायसन्सवर करून घ्यावी लागते. दाखला कोणत्या इयत्तेचा आहे हे कोणी विचारत नाही, अक्षर वाचता येते का एवढेच विचारतात. धोकादायक मालासाठी लायसन्सची मुदतही पाच नव्हे, तीन वर्षांची आहे.

इंग्रजी कशाला, याचे उत्तर आपल्या टँकरच्या पाठीवरच रंगवलेले आहे. तेथील माहितीफलकावर पेट्रोलसाठी १२०३ हा क्रमांक असतो, स्वयंपाकाच्या गॅसच्या टँकरवर १०७५. त्याच्या वर इंग्रजी अंक-अक्षरांचा एक छोटा संकेत असतो. पेट्रोलच्या ‘३ वाय ई’ या संकेतातील ३ म्हणजे आग विझवायला फेस वापरा, आणि शेवटचा ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार करा. केबिनमध्ये ट्रेम कार्ड म्हणजे आणीबाणीच्या सूचनांचे पत्रक ठेवणे बंधनकारक आहे. गाडी कलंडली आणि व्हॉल्व्हमधून माल गळू लागला, तर अग्निशमन दल पोहोचेपर्यंतच्या अर्ध्या तासात तेथे हे वाचू शकणारा माणूस बहुधा एकटा चालकच असतो. कॅन घेऊन धावत येणाऱ्या गावकऱ्यांना मागे हटवायचे, बिडी पेटवणाऱ्याला थांबवायचे आणि फोनवर तो क्रमांक नीट सांगायचा, हे काम त्याचेच. आपल्याला मोठे उतारे वाचायचे नाहीत. त्या कार्डावरचे शंभरेक शब्द एका महिन्यात डोळ्यांखालून घालता येतील. क्लास लावण्याऐवजी शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवावे, असे मी सुचवेन.

प्रश्न: पुतण्याला आखातात ट्रेलरवर नोकरी लावून देतो म्हणून एजंट दीड लाख मागत आहे. येथील हेवी लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परमिटावर तिकडे गाडी चालवता येते, असे तो म्हणतो. पुतण्या नववी शिकलेला आहे. (रत्नागिरी)

उत्तर: आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट जास्तीत जास्त एक वर्षाचे असते आणि ते प्रवाशाच्या सोयीचे आहे, ट्रेलरवरच्या नोकरीसाठी नाही. तिकडे नोकरी करायची तर त्या देशाचे जड वाहनाचे लायसन्स लागते. त्याची चाचणी कधी, तिचा खर्च कोणाचा आणि नापास झाल्यास पगार मिळेल की परतीचे तिकीट, हे करारात लिहून घ्यावे. पुतण्या दहावी नसल्यामुळे त्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’ शिक्क्याचा असेल, म्हणजे आखातातील देशांसह १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी उत्प्रवासन विभागाची मंजुरी आवश्यक आहे. एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तो दीड लाख मागत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो मिळेपर्यंत पासपोर्ट पुतण्याच्या घरातील कपाटातच राहू द्यावा.